मधाचं पान: शहापुरातल्या एका जेवणाची गोष्ट



२०२४ च्या मे महिन्यात आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सहस्रचंद्रदर्शन झालं. बेळगावात शहापूर भागात आमचं जुनं घर आहे. हे शहापूर एके काळी सांगली संस्थानात होतं, शेजारचं बेळगाव इंग्रजांचं. दोन राज्यांच्या मधे एक रस्ता, असं अण्णा सांगतात. पूजा सकाळी झाली. जेवण मात्र रात्री गच्चीवर ठेवलं होतं, घरचीच २४ पानं.

वडोदऱ्याहून आलेल्या भाचीनं आधीच फोनवर सुचवलं होतं. "मामी, पणजोबा मधमाश्या पाळायचे ना? मग आजोबांच्या जेवणात प्रत्येक पदार्थात मध घालूया." मला कल्पना आवडली. कागद घेऊन बसले. मधातली आमटी, मधाची भरली वांगी, मधाच्या पोळ्या, मधाचा शिरा... यादी छान झाली. मग ती मी आक्कांना वाचून दाखवली.

आक्का म्हणजे माझ्या आत्येसासूबाई, अण्णांच्या थोरल्या बहीण. वय ८६. त्यांनी सगळी यादी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "सूनबाई, मध तापवणार काय गं तू?"

मी म्हटलं, "हो, आमटीत घालायचा तर उकळणारच की."

"मग त्यापेक्षा गूळच घाल. मधाचं वाटोळं कशाला करतीस?"

यादी तिथंच फाटली. पण त्या एका प्रश्नामुळं पुढचे पंधरा दिवस मी जे शिकले, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. कारण हा प्रश्न आमच्या एका घरचा नाही. तुमच्याही घरात मध असेल. तो नेमका कुठं असतो, आठवून बघा.

माझं माहेर ग्वाल्हेरचं, लष्करातलं. तिथं आमच्या घरी मधाची छोटी बाटली देवघराच्या कोनाड्यात असायची, पंचामृतासाठी. दुसरी आजीच्या औषधांच्या डब्यात. खोकला झाला की आल्याचा रस आणि मध, नाहीतर सितोपलादी चूर्ण आणि मध. स्वयंपाकघरातल्या फळीवर मध कधी पाहिला नाही. लग्न होऊन १९९१ साली बेळगावला आले, तर इथंही तेच. तेल, तूप, गूळ, साखर, काकवी स्वयंपाकघरात. मध देवाकडे आणि आजाऱ्याकडे. शेजारच्या कन्नड काकू मधाला 'जेनुतुप्प' म्हणतात. माशीचं तूप! तूपच ते, पण त्यांच्याही घरी ते भातावर वाढलेलं पाहिलं नाही.

आपल्या ताटात डावीकडे जे पंचामृत वाढतात, त्याचीही गंमत बघा. देवाच्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर. ताटातल्या पंचामृतात मिरच्या, चिंच, गूळ, तीळ, दाणे, खोबरं. नाव एकच, पण ताटात येईपर्यंत मध गळून पडला आणि त्याच्या जागी गूळ आला.

मग मध आपल्या जेवणात कधी नव्हताच का? होता, आणि मानाच्या जागी होता. माणसाची आणि मधाची ओळख तर शेतीच्याही आधीची. मध्य प्रदेशातल्या पचमढी, भीमबेटका भागातल्या शैलचित्रांत मोहोळ काढणारी माणसं रंगवलेली आहेत. पुढं गृह्यसूत्रांच्या काळात घरी आलेल्या मानाच्या पाहुण्याचं स्वागत मधुपर्कानं करायचं, असा विधीच होता. आश्वलायन गृह्यसूत्रात त्याची कृती आहे: दह्यात मध घालायचा, मध न मिळाल्यास तूप. म्हणजे मध सहज मिळत नाही, याची जाणीव त्या काळीही होती. हा मान कुणाचा, तर यज्ञाचा ऋत्विज, गुरू, राजा, सासरा, काका, मामा अशांचा. आपल्या लग्नांत मुलीचे वडील नवरदेवाला मधुपर्क देतात, ते याचंच राहिलेलं रूप. आज फोटोग्राफरच्या घाईत तो अर्ध्या मिनिटात उरकतो.

दुसरं उदाहरण श्रीखंडाचं. जुन्या संस्कृत ग्रंथांत 'रसाला' नावाच्या पदार्थाची कृती सापडते. आंबट दही फडक्यातून हातानं घासून गाळायचं, त्यात खडीसाखर, थोडं तूप, थोडा मध, मिरी, सुंठ आणि सुवासाला कापूर. भीमानं ती केली आणि श्रीकृष्णानं चाखली, अशी तिची कीर्ती सांगितली आहे. सोळा भाग साखर, तर एक भाग मध. पदार्थ गोड करायला साखर होतीच; मध होता तो चवीला आणि गुणाला.

आणि तापवण्याचं काय? ते आक्कांच्या मनचं नाही. चरकसंहितेत मध गरम करू नये, उष्णतेनं त्रासलेल्यानं तो घेऊ नये, असं स्पष्ट सांगितलं आहे. तूप आणि मध सारख्या वजनानं एकत्र करू नये, हेही आयुर्वेदातलं. चरकानं मधाचे चार प्रकार सांगितले, सुश्रुतानं आठ. इतका बारकाईनं पाहिलेला पदार्थ आहे हा. आजचं शास्त्र दुसऱ्या वाटेनं जातं, पण तेही मध तापवण्याच्या बाजूचं नाही. मध तापवला की त्यातली विकरं नष्ट होतात, सुवास उडतो आणि एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं. मधात ते किती असावं याची मर्यादा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानंही घातली आहे: किलोला ८० मिलिग्रॅम.

आपलं जेवण म्हणजे चुलीवरचं जेवण. वरण उकळायचं, भाजी फोडणीची, पोळी तव्यावर. जो पदार्थ तापवायचाच नाही, त्याला अशा स्वयंपाकघरात जागा कुठली? गूळ उकळा, पाक करा, पुरणात शिजवा, त्याची तक्रार नाही. शिवाय आमचा भाग उसाचा. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांच्या काठानं ऊस, शेजारी कोल्हापूरचा गूळ. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, देशात साखर कारखाने भराभर उभे राहिले आणि साखरही घरोघर पोचली. मध मात्र रानातूनच यायचा, तोही वर्षातले काही महिने. तो मागं पडला यात नवल नाही.

आता आजोबांकडे येते. आजोबा म्हणजे अण्णांचे वडील, माझे आजेसासरे. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. तो सगळा मुलूख रानाचा. जांभूळ, हिरडा, पांगारा, कारवी. रानातल्या लोकांकडून मध यायचा तो आग्या मोहोळाचा. रात्री धूर करून, पोळं कापून, पिळून काढलेला. त्यात अंडी, अळ्या, मेण सगळं यायचं आणि पोळं उद्ध्वस्त व्हायचं.

बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. ग्रामोद्योगाच्या योजनेतून मधमाशा पालनाचं शिक्षण द्यायचे, त्यासाठी आजोबा १९५३ च्या सुमाराला महाबळेश्वरला जाऊन आले. येताना दोन लाकडी पेट्या आणल्या. सातेरी माशीच्या. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, ती पेटीत राहत नाही. सातेरी झाडाच्या ढोलीत, अंधारात, समांतर पोळी बांधते. म्हणून ती पेटीत रमते. पेटीत चौकटी असतात. मधाच्या चौकटी काढायच्या, यंत्रात फिरवायच्या, मध बाहेर येतो आणि रिकामं पोळं परत माश्यांना द्यायचं. अळ्यांच्या चौकटींना हात लावायचा नाही. आजोबांना याचंच सगळ्यात अप्रूप होतं. ते म्हणायचे, "घर न मोडता भाडं घेता येतं."

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदललं. महाबळेश्वरशी असलेला कामाचा संबंध हळूहळू संपला. पेट्या मात्र राहिल्या आणि दोनाच्या अकरा झाल्या. आक्का तेव्हा शाळकरी. धुराडं धरायचं काम त्यांचं. अण्णा माश्यांना घाबरायचे, ते बाटल्या धुवायचे. हे ते स्वतःच सांगतात.

चांगल्या वर्षी घरात मधाच्या बाटल्यांची रांग लागायची. पण विकला कमी, वाटला जास्त. गावात कुणाकडे बाळ जन्मलं की वाटीभर मध मास्तरांकडून जायचा. कुणाचं लग्न असलं की मधुपर्काला जायचा. कुणाला भाजलं तर जखमेवर लावायला न्यायचे. आमच्या घरी 'मधाचं बोट लावणं' हा वाक्प्रचार लबाडीसाठी वापरला तर आजोबांना राग यायचा म्हणे.

मी लग्न होऊन आले तेव्हा आजोबा ७७ वर्षांचे होते आणि पेट्या अजून होत्या. त्याच सुमाराला, १९९१-९२ मध्ये, दक्षिण भारतातल्या सातेरी वसाहतींवर थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू रोग आला. त्यात अळ्या पेटीतच मरतात, पाण्यानं भरलेल्या पिशवीसारख्या होतात. दक्षिणेतल्या बहुतेक वसाहती त्या साथीत गेल्या. कोडगूसारखा मधासाठी प्रसिद्ध प्रदेश रिकामा झाला. आमच्याकडे पहिल्या महिन्यात चार पेट्या गेल्या, पावसाळा संपेपर्यंत सगळ्या. मी तेव्हा नवीन सून, मला काहीच कळत नव्हतं. एवढं आठवतं, आजोबा एकेक चौकट उन्हाकडे धरून बघत होते आणि परत ठेवत होते. कुणाशी बोलत नव्हते. चौकटी जाळल्या. रिकाम्या पेट्यांत पुढं कांदे ठेवले जायचे.

आता जेवणाकडे. पहिला प्रश्न मधाचा. दुकानातून आणलेली एक बाटली आक्कांनी बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाल्या, "हे साखरेचं पाणी आहे." पाण्यात थेंब टाकून बघणं, काडी पेटवून बघणं हे घरगुती उपाय खात्रीचे नाहीत, आता भेसळ त्याच्या फार पुढं गेली आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं १३ ब्रँडचे मध तपासून घेतले होते, त्यातले फक्त ३ सगळ्या चाचण्यांत टिकले. शेवटी खानापूरच्या बाजूला पेट्या ठेवणाऱ्या एका ओळखीच्या घरून दोन किलो आणला. नुकताच काढलेला जांभळाचा मध. काळसर, गोड आणि मागाहून जिभेवर किंचित कडवट. आक्कांनी बोट चाटलं आणि काही न बोलता बाटलीचं झाकण लावलं. म्हणजे पास.

दुसरा प्रश्न तापवण्याचा. त्याचं उत्तर आक्कांनीच दिलं. "पदार्थात बोट घाल. बोटाला सोसलं तर मध घाल." पोळ्यात जिथं अळ्या वाढतात तिथं माश्या साधारण ३४-३५ अंश उष्णता राखतात. त्याच्या जरा वर, बोटाला सोसेल एवढं. इतकी साधी मोजपट्टी मला कुठल्या पुस्तकात मिळाली नसती.

मग यादी नव्यानं केली. मध शिजवायचा नाही, शेवटी घालायचा, बेतानं घालायचा.

सुरुवातीला प्रत्येकाला छोट्या वाटीत मधुपर्क. घट्ट दही, त्यात मध, वर तुपाचे दोन थेंब. पहिली वाटी अण्णांना. प्यायला आलं-लिंबाचं पाणी, मध घालून. डावीकडे काकडीची कोशिंबीर, मधात मुरवलेले आवळे आणि कारळ्याची चटणी. या चटणीत मी मध घालायचं म्हटलं तर आक्का म्हणाल्या, "कारळ्याच्या फुलावर माशी बसतीच. तिनं आधीच घातलाय समज." तरी मी चमचाभर घातला. ताटातलं पंचामृत नेहमीसारखं केलं, पण गूळ निम्मा. पूर्ण निवल्यावर उरलेली गोडी मधाची. पाचांतला एक परत आला, असं भाची म्हणाली.

भाजी कारल्याची. पातळ चकत्या मीठ लावून, पिळून, कुरकुरीत तळल्या. वाढायच्या वेळी, गार झाल्यावर, वर मधाची बारीक धार आणि तीळ. माझ्या मते त्या रात्री हीच भाजी सगळ्यात जमली. कडू कारलं आणि मागून कडवट होणारा जांभळाचा मध यांचं एकमेकांशी बरं जुळलं. आमटीच्या जागी गार सोलकढी, वाटीत अर्धा चमचा मध.

आणि मांडे. बेळगावचं लग्न मांड्याशिवाय होत नाही, हे इथल्यांना सांगायला नको. मांडे मात्र उलट्या घागरीवर भाजणाऱ्या बाईंकडून आणले, ते माझ्या हातचं काम नाही. एरवी मांडा कुस्करून त्यावर तूप, पिठीसाखर आणि दूध घालतात. आम्ही साखर वगळली आणि कोमट दुधात मध घातला. अण्णांनी दोन मांडे खाल्ले. डॉक्टर भाचेजावई बघत होते, पण बोलले नाहीत.

गोडाला श्रीखंड, रसालेच्या वळणाचं. चक्का, साखर थोडी, मध, मिरीची पूड, सुंठ आणि खायच्या कापराचा अगदी कण. मुलांना मिरी आवडली नाही, मोठ्यांना आवडली. शेवटी विडा, त्यात गुलकंदाबरोबर मधाचा थेंब. दोन किलोंतला सव्वा किलो मध संपला. इतक्या माणसांना पुरला, कारण कुठंही तो पातेल्यात ओतला नव्हता.

सगळे हात धुवून बसले तेव्हा माझ्या मुलाची आठ महिन्यांची लेक आक्कांच्या मांडीवर होती. आक्कांनी सवयीनं मधाच्या वाटीत बोट बुडवलं. माझी सून घाबरून पुढं झाली. "आक्का, नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही." तिचं बरोबरच होतं. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. म्हणून एक वर्षापर्यंत मध अजिबात नाही, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे जातकर्मात बाळाला मध-तूप चाटवायची रीत आहे. ती मायेची आहे, पण आता हे कळल्यावर थांबवायलाच हवी. हे वाचणाऱ्या आज्यांनी कृपया लक्षात ठेवावं.

गच्चीवर क्षणभर सगळे गप्प झाले. म्हातारीला बोलल्यासारखं झालं, असं सुनेला वाटत होतं. तेवढ्यात भाचीनं विषय बदलायला विचारलं, "आक्काआजी, पणजोबांच्या पेटीतला मध आता कुणाकडे थोडासुद्धा नाही का?"

आक्का म्हणाल्या, "शेवटची बाटली माझ्याकडे होती. जपून जपून वापरली. शेवटचा थेंब १९९४ ला गेला. याच्या जन्माला." आणि त्यांनी माझ्या मुलाकडे हात केला.

ही गोष्ट मला तीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. माझ्या मुलाच्या ओठांवर लागलेला तो मध आजोबांच्या जळालेल्या पेट्यांतला शेवटचा होता. तेव्हा त्यातला धोका आम्हाला कुणाला माहीत नव्हता. काही झालं नाही, हे नशीब.

आक्कांचं मधात बुडवलेलं बोट अजून हवेतच होतं. त्या माझ्या मुलाला म्हणाल्या, "ये रे इकडे. लेकीचं तूच खा." तीस वर्षांचा तो बाप्या माणूस खाली बसला आणि त्यानं ते बोट चाटलं. अण्णा हसले. बाळही हसलं, कशाला ते तिलाच ठाऊक.

मध आपल्या स्वयंपाकात नाही, म्हणून तो आपला नाही असं मी इतकी वर्षं समजत होते. आता वाटतं, तो पातेल्यात नव्हता कारण तो कुणाच्या तरी हातावर द्यायचा होता. पाहुण्याला, आजाऱ्याला, देवाला. चुलीपाशी त्याचं काम नव्हतं, माणसापाशी होतं.

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, नंतर आमच्या जवळचं भुदरगड तालुक्यातलं पाटगावही. आमच्या माडीवर आजोबांच्या दोन पेट्या अजून आहेत, कांद्याचा वास लागलेल्या. माझा मुलगा म्हणतो, त्या घासून उन्हात ठेवू आणि या सुगीला खानापूरला जाऊन एक सातेरीची वसाहत आणू. आणेल की नाही, बघू. आक्का मात्र रोज विचारतात, "पेट्या धुतल्या काय रे?"

तुमच्या घरी मध कुठं असायचा? देवघरात, औषधांच्या डब्यात की आणखी कुठं? इंदूर, हैदराबाद, गोवा, ग्वाल्हेर, जिथं असाल तिथून लिहा. कुणाच्या घरी मधाचा एखादा जुना पदार्थ अजून होत असेल तर कृतीही द्या. आक्कांना वाचून दाखवीन. तापवायचा असेल तर मात्र जपून लिहा.